हिमालयांतील वसंतऋतु आणि हिमस्खलनाचीं चिन्हें

उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं आपल्या वाशींतील कित्येक घरांत हिमालयाच्या प्रवासाचे बेत सुरू होतात. घाऊक बाजारांत हापूस आंब्यांच्या पेट्या उतरत असतात, खाडीवरून दमट वारा वाहत असतो, आणि घरांतील मुलें मात्र लोकरी हातमोजे, कानटोप्या व जाड तळाचे बूट यांची जुळवाजुळव करीत असतात. कुलू जिल्ह्यांतील कसोल गांवाहून मे महिन्यांत निघणारें सार खिंडीचें पदभ्रमण महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यांच्या विशेष परिचयाचें आहे. ही खिंड समुद्रसपाटीपासून सुमारें १३,८०० फूट उंच असून मे महिन्यांतहि तेथें हिम असतें. तेथून परत आलेला विद्यार्थी आनंदानें पुष्कळ गोष्टी सांगतो; परंतु त्यांत एक तक्रार बहुधा असतेच. "खिंडीच्या दिवशीं आम्हांला रात्रीं दोन-तीन वाजतां उठविलें. कडाक्याच्या थंडींत, विजेरीच्या उजेडांत चालविलें. पुढें सबंध दिवस मोकळा होता. मग एवढी घाई कशाला?"

तक्रार खरी आहे. पण त्या घाईला कारण आहे, आणि तें कारण मुख्यतः पायांखालच्या हिमांत आहे. तें ज्याला समजलें, त्याला हिमाच्या उतारावर केव्हां जावें, केव्हां जाऊं नये, व कोणत्या खुणा दिसतांच मागें फिरावें, हेंहि बरेंचसें समजलें. प्रस्तुत लेखांत हाच विषय विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उलगडून सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दांविषयीं थोडेसें. हिम आणि बर्फ हे शब्द आपण पुष्कळदां एकाच अर्थानें वापरतों. मासळीबाजारांत जी लादी फोडतात ती पाणी गोठून झालेली असते, तो बर्फ. आकाशांतील वाफ गोठून जे नाजूक, षट्कोनी स्फटिक भुरभुर खालीं येतात, तें हिम. नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाच्या दहा भागांत सुमारें नऊ भाग नुसती हवाच असते. म्हणून तें कापसासारखें हलकें वाटतें. या हिमाचा मोठा साठा उतारावरून एकाएकीं सुटून खालीं येतो, तेव्हां त्यास हिमस्खलन म्हणतात. वर्तमानपत्रांत अनेकदां "हिमकडा कोसळला" असें छापून येतें. परंतु बहुतेक वेळां जो सुटतो तो कडा नव्हे, तर उतारावर पसरलेला हिमाचा थर होय. हा भेद ध्यानांत ठेवावा. कारण कडा दुरून दिसतो, थर मात्र पांढऱ्याशुभ्र चादरीसारखा निरुपद्रवी भासतो.

थर हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. हिवाळाभर हिम थोडें थोडें पडतें, आणि प्रत्येक हिमवृष्टीचा एक निराळा थर बनतो. एखाद्या थरावर वाऱ्याचा मारा होऊन तो घट्ट होतो. एखाद्यावर ऊन पडून रात्रीं कडक पापुद्रा धरतो. एखादा तसाच भुसभुशीत राहतो. कांहीं थरांत आणखी एक विचित्र घडामोड होते. जमिनीजवळचें हिम तुलनेनें उबदार असतें, आणि वरची हवा अत्यंत थंड असते. या फरकामुळें हिमांतील वाफ खालून वर सरकते, आणि कणांचें रूप पालटून ते जाड, कोरेदार व साखरेसारखे सुटे होतात. एकमेकांना धरून राहण्याची शक्ति त्यांच्यांत उरत नाहीं. वर कितीहि भक्कम थर असला, तरी तो या साखरेवर बसलेला असतो.

याचा प्रयोग घरीं सहज करतां येईल. मोठ्या परातींत साबुदाण्याचा पातळ थर पसरावा, त्यावर एक वाळलेली भाकरी ठेवावी, आणि परातीची एक बाजू सावकाश उचलावी. कांहीं वेळ भाकरी जागची हलत नाहीं. मग एका ठराविक क्षणीं, हाताला विशेष कांहीं न जाणवतां, ती सबंधच्या सबंध घसरून येते. थोडी थोडी येत नाहीं, एकदम येते. आतां परात त्या क्षणाच्या किंचित् आधीं थांबवून भाकरीवर बोटानें हलकेंच टिचकी मारावी. घसरण्यास तेवढी टिचकीहि पुरते. हिमाच्या उतारावर ही टिचकी म्हणजे चालणाऱ्या माणसाचें पाऊल होय. हिमस्खलनांत सांपडलेल्या गिरिभ्रमण करणाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या बाबतींत तें स्खलन त्यांनीं स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनींच सुरू केलेलें असतें. म्हणून "डोंगर अंगावर आला" असें म्हणण्यापूर्वीं आपण डोंगराच्या अंगावर कोठें गेलों होतों, हें पाहिलें पाहिजे.

परात किती कलती असावी, यालाहि नियम आहे. हिमस्खलनें बहुतकरून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुरू होतात. याहून फार उभ्या कड्यावर हिम मुळीं सांचतच नाहीं, पडतां पडतांच गळून जातें. आणि २५ अंशांहून कमी उतारावर तें सहसा सुटत नाहीं. तीस अंश म्हणजे किती, अशी शंका येईल. आपल्या इमारतीच्या जिन्याचा चढ साधारणतः तीस ते पस्तीस अंशांचा असतो. जो चढ आपण रोज दप्तर घेऊन चढतों, नेमका तोच चढ हिमांत धोक्याचा! विद्यार्थ्यांस आपल्या कंपासपेटींतील कोनमापकानेंहि उतार मोजतां येतो. कोनमापकाच्या मध्यबिंदूस दोरा बांधून त्यास एक लहान खडा लटकवावा, आणि सपाट कड वर करून ती उताराच्या रेषेशीं समांतर धरावी. दोरा ९० अंशांच्या खुणेपासून जितके अंश बाजूस सरकेल, तितक्या अंशांचा उतार समजावा. पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून हा अभ्यास सुटीपूर्वींच करून ठेवावा. मात्र एक गोष्ट विसरूं नये: आपण स्वतः सपाट जागीं उभे असलों, तरी डोक्यावरचा उतार धोक्याचा असेल तर आपणहि धोक्यांतच आहों, कारण सुटलेलें हिम सपाटीवरहि पुष्कळ दूरवर धांवत जातें.

येथवर सांगितलें तें सर्व ऋतूंस लागू आहे. आतां वसंतऋतूची विशेष गोष्ट पाहूं. हिवाळ्यांतील हिम कोरडें असतें; वसंतांत त्यांत पाणी येतें. या पाण्याचा स्वभाव मोठा दुटप्पी आहे. समुद्रकांठीं वाळूचा किल्ला ज्यानें बांधला असेल त्याला हा स्वभाव ठाऊक आहे. कोरड्या वाळूचा किल्ला होत नाहीं. तिच्यांत थोडें पाणी मिसळलें तर कण एकमेकांस धरतात आणि बुरुज उभा राहतो. पण त्याच बुरुजावर तांब्याभर पाणी ओता, कीं तो जागच्या जागीं वितळून वाहूं लागतो. हिमाचेंहि तसेंच आहे. थोडा ओलावा कणांस जोडतो. पुष्कळ पाणी त्यांस सोडवितें. उन्हानें वितळलेलें पाणी थराथरांतून खालीं झिरपतें, एखाद्या कठीण पापुद्र्यावर येऊन अडतें, आणि तेथें जणूं साबण लावल्यासारखें निसरडें करून टाकतें. मग वरचा ओला, जड थर घसरावयास वेळ लागत नाहीं. ओल्या हिमाचें असें स्खलन कोरड्याहून सावकाश चालतें. पण त्याचें वजन फार असतें, आणि तें थांबल्यावर सिमेंटासारखें घट्ट बसतें.

आतां मूळ प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळतें. निरभ्र रात्रीं हिमाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडतो व झपाट्यानें थंड होतो. हें तत्त्व आपल्याकडेहि अनुभवास येतें. नाशिक जिल्ह्यांतील निफाडच्या द्राक्षबागाईतदारांस हिवाळ्यांतील स्वच्छ, चांदण्यांनीं भरलेल्या रात्रीचीच भीति वाटते. ढगाळ रात्र उबदार असते, कारण ढग गोधडीसारखे वर पसरलेले असतात. उंच डोंगरांत अशा स्वच्छ रात्रीं दिवसा वितळलेलें पाणी पुन्हा गोठतें, कणाकणांस जखडून टाकतें, आणि पहांटेपर्यंत हिमावर कठीण कवच तयार होतें. त्यावर पाऊल टाकलें तर करकर असा आवाज येतो, ठसा जेमतेम उमटतो. हाच चालण्याचा सुरक्षित काळ होय. सूर्य वर आला कीं पूर्वेकडे तोंड असलेले उतार प्रथम मऊ होतात, त्यानंतर दक्षिणेकडचे, आणि दुपारनंतर पश्चिमेकडचे. प्रथम पाऊल बुटाच्या तळाएवढें रुततें, मग घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. ज्या कुलुपानें रात्रीं डोंगर बंद केला होता, तें सूर्य हळूहळू उघडीत असतो. म्हणून जाणता वाटाड्या मुलांना रात्रीं दोन-तीन वाजतां उठवितो, आणि ऊन तापण्यापूर्वीं त्यांस खिंडीपलीकडे नेऊन सोडतो. ती झोपमोड म्हणजे शिक्षा नव्हे. ती सुरक्षितपणाची किंमत आहे.

परंतु घड्याळावर सर्वस्वीं विसंबणें हेंहि चुकीचें आहे. रात्रभर आभाळ झांकलेलें असेल, किंवा हिमावर पाऊस पडला असेल, तर कुलूप लागतच नाहीं. अशा वेळीं पहांटे तीन वाजतां निघालें काय आणि दहा वाजतां निघालें काय, धोका जवळजवळ सारखाच. म्हणून तंबूबाहेर पडतांच पहिली परीक्षा पावलाची करावी: हिम कठीण आहे कीं रुततें? कवचाखालीं काठी खुपसून पाहावी. कवच बोटभर जाडीचें आहे कीं नुसता पापड आहे? पापडाएवढें कवच सूर्योदयानंतर थोड्याच वेळांत नाहींसें होतें. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन फार उशीरां व थोडें पोहोंचतें. तेथें हिवाळ्यांतील कोरडें हिम व साखरेसारखे थर पुष्कळ दिवस टिकून राहतात. म्हणून एका उतारावर खरें ठरलेलें अनुमान शेजारच्या उतारासहि लागू पडेलच, असें धरूं नये.

डोंगर स्वतःच कांहीं स्पष्ट सूचना देत असतो. त्या पाठ करून ठेवण्यासारख्या आहेत. पहिली सूचना म्हणजे आसपास नुकतींच झालेलीं स्खलनें. शेजारचा, त्याच दिशेचा उतार सुटला असेल तर आपल्या उतारास वेगळा न्याय मिळण्याचें कारण नाहीं. दुसरी सूचना कानास मिळते. चालतांना पायांखालीं "धप्प" असा खोल आवाज होऊन हिम किंचित् बसल्यासारखें वाटतें, किंवा पावलापासून लांबवर भेग धांवत जाते. आंतील अशक्त थर मोडला, असा त्याचा अर्थ. त्यानंतर पुढें एकहि पाऊल टाकूं नये. आल्या वाटेनें सौम्य उतारावर परतावें. तिसरी, गेल्या एक-दोन दिवसांतील नवें हिम. चोवीस तासांत फूटभर किंवा अधिक हिम पडलें असेल, तर जुन्या थरांवर एकाएकीं नवें ओझें आलेलें असतें. चौथी, वारा. आकाशांतून हिम पडत नसलें तरी वारा डोंगराच्या एका अंगाचें हिम उचलून दुसऱ्या अंगास सांचवितो, आणि धारेवर छज्जासारखा पुढें आलेला कंगोरा तयार करतो. त्या कंगोऱ्यावर उभें राहूं नये, आणि दुपारीं त्याच्याखालूनहि जाऊं नये. पांचवी सूचना खास वसंतांतली आहे. उतारावरून हिमाचे लहान लहान गोळे आपोआप घरंगळूं लागले, खडकांच्या कडेनें हिम ओलें व करड्या रंगाचें दिसूं लागलें, आणि पाय घोट्याहून खोल रुतूं लागला, कीं समजावें, आजची वेळ संपली.

तज्ज्ञ लोक याहून बारीक परीक्षाहि करतात. ते सुरक्षित जागीं हिमांत खड्डा खणून त्याच्या भिंतींत थर न्याहाळतात. मग ३० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असा हिमाचा खांब मोकळा करून त्यावर फावड्याचें पातें ठेवतात, आणि त्यावर प्रथम दहा चापट्या मनगटांतून, नंतर दहा कोपरांतून, व शेवटीं दहा खांद्यांतून मारतात. पहिल्या दहांतच खांब एखाद्या थरावर चिरून सरकला, तर तो उतार फार अशक्त समजतात. तिसांनंतरहि खांब अभंग राहिला, तर त्या ठिकाणीं बळकटी आहे असें म्हणतात. "त्या ठिकाणीं" हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. कारण पन्नास पावलांवर निराळी स्थिति असूं शकते. परीक्षा धोका दाखवील तर ती मानावी. परीक्षा निर्धोक सांगेल तर इतर खुणांकडे अधिकच लक्ष द्यावें.

आपल्या देशांत या शास्त्राचा पद्धतशीर अभ्यास बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेनें १९६९ सालीं हिम व हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठीं मनाली येथें एक स्वतंत्र संस्था सुरू केली. २०२० सालीं ती दुसऱ्या एका संस्थेशीं जोडली जाऊन चंदीगड येथील संरक्षण भू-माहितीविज्ञान संशोधन संस्था या नांवानें काम करूं लागली. हिमालयाच्या निरनिराळ्या भागांसाठीं तिच्याकडून हिमस्खलनाचे इशारे दिले जातात. सहलीस निघण्यापूर्वीं ते पाहण्याचा परिपाठ ठेवावा. समुद्रांत होडी लोटण्यापूर्वीं कोळीबांधव जसा वाऱ्याचा अदमास घेतात, तसेंच हें आहे.

इशारा न मानण्याचे किंवा एखाद्या अवचित घटनेचे परिणाम किती भयंकर होतात, याचीं उदाहरणें दुर्दैवानें ताजीं आहेत. सिक्कीममध्यें गंगटोकहून नाथू-ला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ४ एप्रिल २०२३ रोजीं, दुपारीं बाराच्या सुमारास, हिमस्खलन होऊन सात पर्यटक मृत्यु पावले. ते कोणी गिर्यारोहक नव्हते. रस्त्यानें जाऊन हिम पाहावयास गेलेले साधे प्रवासी होते. परवाना तेराव्या मैलापर्यंतचा असतांना लोक पंधराव्या मैलापर्यंत जात होते, असें त्या वेळीं पोलिसांनीं सांगितलें. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची एक तुकडी ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं द्रौपदी का डांडा या शिखराजवळ हिमस्खलनांत सांपडली. २७ जणांचे मृतदेह मिळाले व दोघे बेपत्ता राहिले. ते शिकलेले व शिकणारे लोक होते. फेब्रुवारी २०१६ मध्यें सियाचीन येथील सोनम चौकीवर हिम कोसळून जे दहा जवान गेले, त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यांतील एक जवानहि होता. आणि १८ एप्रिल २०१४ रोजीं एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबू हिमप्रपातांत बर्फाचा प्रचंड तुकडा कोसळून सोळा नेपाळी वाटाडे व हमाल ठार झाले, तेव्हां तर सकाळचीच वेळ होती. लटकत्या बर्फाचे कडे सूर्याचें घड्याळ पाळत नाहींत. सारांश, पहांटे निघणें हा एक उत्तम नियम आहे. तो एकमेव नियम नव्हे.

संशयास्पद उतार ओलांडणें भागच पडलें तर एकेकट्यानें ओलांडावा, बाकीच्यांनीं सुरक्षित जागीं उभें राहून त्याच्यावर नजर ठेवावी. सर्वांनीं मिळून, हात धरून, गाणीं म्हणत जाणें येथें घातक आहे. कारण मग सगळेच सांपडतात आणि सोडविणारा कोणी उरत नाहीं. विसावा घ्यावयाचा तो धारेवर किंवा मोठ्या खडकाच्या आडोशास. घळीच्या तोंडाशीं अगर नाल्यांत कधींहि नाहीं. हिम सुटलेंच तर मोठ्यानें ओरडावें, हातांतील काठ्या टाकून द्याव्या, बाजूस निसटण्याचा प्रयत्न करावा. आणि वेग मंदावतांच दोन्ही हात तोंडापुढें आणून श्वासास जागा करावी. सोबत्यांनीं तो मनुष्य शेवटीं कोठें दिसला ती जागा डोळ्यांत धरून ठेवावी, आणि मदत बोलावण्यास सगळ्यांनींच धांवत न सुटतां तत्काळ शोध सुरू करावा. स्वित्झर्लंडमधील अनेक वर्षांच्या नोंदी असें सांगतात, कीं हिमाखालीं पुरले गेलेल्यांस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलें तर दहांपैकीं सुमारें नऊ जण वांचतात. अर्धा तास लोटला तर दहांपैकीं सुमारें तिघेच वांचतात. म्हणून अनुभवी पथकांत प्रत्येकाच्या अंगावर ठिकाण कळविणारें लहानसें रेडिओयंत्र, आणि पाठपिशवींत लांब सळई व फावडें, अशीं तीन साधनें असतात. तिन्हींपैकीं एक नसेल तर उरलेल्या दोहोंचा उपयोग फार थोडा.

कोणी म्हणेल, आमचें घर खाडीच्या कांठीं. वर्षांतून आठ दिवस हिम पाहणाऱ्यास हें ज्ञान काय कामाचें? त्यास उत्तर असें, कीं उतार, थर आणि पाणी या तिघांची ही गोष्ट आपल्या सह्याद्रींतहि दर पावसाळ्यांत घडते. फक्त हिमाच्या जागीं तेथें माती असते. वाशीहून पनवेलमार्गें पुण्याच्या जुन्या रस्त्यानें जातांना चौक गांवाजवळ इर्शाळगडाचें टोंक दिसतें. त्याच्या अंगावर इर्शाळवाडी ही ठाकर लोकांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, मुसळधार पावसांत, तिच्यावर दरड कोसळली. चार दिवसांनीं शोधकार्य थांबविलें तेव्हां २७ मृतदेह सांपडले होते, आणि ५७ जणांचा पत्ता लागला नव्हता. ही वस्ती दरडींचा धोका असलेल्या गांवांच्या यादींत नव्हती, असें त्या वेळीं सरकारकडून सांगण्यांत आलें. त्यापूर्वीं ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव असेंच गाडलें गेलें व १५१ माणसें दगावलीं. नेहमीच्या फेरीस आलेल्या एस. टी. चालकाला गांवच दिसेना, तेव्हां बाहेरच्या जगास ती वार्ता कळली. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें ऐंशींहून अधिक माणसें गेलीं.

कठीण खडकावर मातीचा थर, त्या थरांत सतत मुरणारें पाणी, आणि खालीं उतार. हिमाच्या उतारावर जें काम ऊन करतें, तेंच येथें अखंड पाऊस करतो. म्हणून येथें धोक्याची वेळ दुपार नसून सततच्या पावसाचा तिसरा-चौथा दिवस असते, मग ती मध्यरात्र कां असेना. येथेंहि डोंगर सूचना देतो: जमिनींत नव्या भेगा पडणें, झाडें व विजेचे खांब कलणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें किंवा नवा झरा फुटणें, घराच्या भिंतींस चिरा जाऊन दारें अडकूं लागणें. पावसाळ्यांत गडावर जाणाऱ्या विद्यार्थ्यानें या खुणा दिसल्या तर त्या वस्तींतील वडील माणसांस व तहसील कचेरीस जरूर सांगाव्या. यादींत नांव असो वा नसो, डोंगराची खूण ही खूणच असते.

शेवटीं पालकांस एक विनंति. मुलास हिमालयांत पाठविण्यास भिऊं नये. तेथील हवा, तेथील माणसें, आणि उंच खिंडींतून दिसणारा सूर्योदय यांसारखें शिक्षण चार भिंतींत मिळत नाहीं. पण पैसे भरण्यापूर्वीं सहल नेणाऱ्यास चार प्रश्न अवश्य विचारावे. खिंडीच्या दिवशीं तुम्ही किती वाजतां निघतां, व किती वाजेपर्यंत पलीकडे पोहोंचला नाहींत तर परततां? आदल्या रात्रीं हिम गोठलें कीं नाहीं, हें कोण पाहतो? शोधाचीं साधनें तुमच्याजवळ आहेत काय? आणि मागें फिरण्याचा निर्णय कोणाच्या हातीं आहे? या प्रश्नांचीं सरळ उत्तरें जो देतो, त्याच्या हातीं मूल सोंपवावें. "आजवर कांहीं झालें नाहीं" हें उत्तर नव्हे. परातींतील भाकरीसहि शेवटच्या क्षणापर्यंत कांहीं झालेलें नसतें.

आणि विद्यार्थ्यांनो, वाटाड्यानें खिंडीच्या तोंडाशीं नेऊन "आज पुढें जावयाचें नाहीं" असें म्हटलें, तर तोंड वाईट करूं नका. एवढा खर्च, एवढी रजा, एवढा प्रवास, सोबत्यांस दाखवावयाचीं छायाचित्रें, हें सगळें त्या वेळीं मनाला पुढें ओढीत असतें. आणि नेमकें तेंच ओढणें पुष्कळ दुर्घटनांच्या मुळाशीं असतें. खिंड पुढच्या वर्षींहि तेथेंच असेल. ती पाहण्यास तुम्ही असलां पाहिजे, एवढाच काय तो प्रश्न आहे. तेव्हां रात्रीं दोन वाजतां कोणी हांक मारली तर कुरकुर न करतां उठा, तंबूबाहेर या, आणि पहिलें पाऊल टाकून ऐका. करकर असा आवाज आला, तर समजा, डोंगरानें आज वाट दिली आहे.